२७ रुपयांचा फरक

ताई,
मी बेळगावातल्या एका सहकारी सोसायटीत १५ वर्षं क्लार्क आहे. वय ४१. काउंटरला बसते, ठेवी, सोनंतारण, पिग्मी (एजंट रोज फिरून गोळा करतात ती बचत) सगळंच बघावं लागतं. गेल्या वर्षभरात कामात लक्षच लागेनासं झालंय. एक व्हाउचर हातात घेतलं की फोन वाजतो, तेवढ्यात कुणीतरी "अक्का, सही एल्ली माडबेक्री?" (सही कुठं करायची?) म्हणत पासबुक पुढं करतं, तेवढ्यात मॅनेजरसाहेबांचा ग्रुपवर मेसेज. मागच्या महिन्यात कॅश टॅली होईना. फरक २७ रुपयांचा. रात्री साडेआठपर्यंत बसले, घरी मुलगा एकटा. शेवटी सापडलं. पिग्मीवाल्या अण्णांचं मशीन बंद होतं म्हणून त्यांनी कन्नडमधून आकडा वाचून दाखवला होता, आणि त्यांचे १२,५७४ मी १२,५४७ लिहिले होते.
साहेबांनी मध्यंतरी ट्रेनर बोलावून माइंडफुलनेसचं सेशन ठेवलं. ट्रेनरनी अ‍ॅप घ्यायला लावलं. रोज सकाळी २० मिनिटं डोळे मिटून श्वासाकडं बघायचं, मन रिकामं करायचं. तीन आठवडे केलं. डोळे मिटले की डब्याची भाजी, मुलाची फी, टाकीत पाणी चढलं का, हेच. माझ्यातच काही खोट आहे का? आणि अ‍ॅपचा फुकटचा महिना संपत आलाय. वर्षाचे पैसे भरू का?
— स., टिळकवाडी

प्रिय स.,

तुमच्या पत्रात माझी नजर सगळ्यात आधी त्या २७ वर गेली. मीही बँकेत काउंटरला आयुष्य काढलंय, जाड लेजरांच्या जमान्यात. संध्याकाळी फरक आला की आमचे हेडक्लार्क चष्मा कपाळावर सारायचे आणि एवढंच विचारायचे, "नवानं भाग जातोय काय बघ." गेला, तर पैसा बहुतेक कुठं गेलेला नसतो, आकडा उलटा पडलेला असतो. शेजारशेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली की फरक नेहमी ९ च्या पटीत येतो. २७ ला ९ नं भागलं की ३. म्हणजे ज्या दोन अंकांत ३ चा फरक आहे अशी जोडी एकं-दहंच्या घरात शोधायची: ०३-३०, १४-४१, २५-५२, ३६-६३, ४७-७४, ५८-८५, ६९-९६. तेवढी व्हाउचरं बाजूला काढायची आणि फक्त तीच तपासायची. चहा गार व्हायच्या आत सापडतं. सगळं कॉम्प्युटरवर गेल्यापासून हे कुणी कुणाला सांगत नाही, त्यामुळं तुम्ही सगळा दिवस पुन्हा पहिल्यापासून चाळत बसलात, यात आश्चर्य नाही.

पण आकडा उलटा पडलाच का? तुम्ही म्हणता लक्ष नव्हतं. असेल. मला वेगळंच दिसतंय.

कन्नडमध्ये ७४ म्हणजे एप्पत्तनाल्कु. आधी सत्तर, मग चार. कागदावर लिहितो त्याच क्रमानं. मराठीत चौऱ्याहत्तर. आधी चार, मग सत्तर. म्हणजे मराठी माणूस आधी चार ऐकतो, तो मनात धरून ठेवतो, सात लिहितो आणि मग धरलेला चार खाली ठेवतो. पहिलीपासून हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की आपण असं काही करतो हेच कळत नाही. त्या दिवशी तुमच्या कानात एप्पत्तनाल्कु, डोक्यात चौऱ्याहत्तर, हातात पेन आणि काचेपलीकडं पासबुक धरलेली बाई. कानानं सरळ आणलेला आकडा डोक्यानं सवयीनं उलटवला आणि हातानं तसाच उतरवला. जर्मन भाषेतले आकडेही आपल्यासारखेच एकंपासून सुरू होतात, आणि तिथली पोरं आकडे लिहायला शिकताना नेमकी हीच चूक करतात. पुण्यातल्या क्लार्कला दिवसभर एकच क्रम, बंगळुरातल्यालाही एकच. तुम्ही दर पाच मिनिटांनी क्रम बदलता. सीमाप्रश्नावर तुम्ही मला काही विचारलेलं नाही म्हणून बोलत नाही, पण सीमा अशी व्हाउचरवरूनही जाते खरी.

याला उपाय ध्यान नाही. कन्नडमधून आलेला आकडा शेवटी सुटा सुटा म्हणून घ्यायचा: "ऐदु, एळु, नाल्कु. पाच, सात, चार." मोठ्यानं, अण्णांना ऐकू जाईल असं, आणि म्हणताना पेनाचं टोक त्या अंकावर. अण्णा पहिले दोन दिवस हसतील. जपानमध्ये रेल्वेचे कर्मचारी भर प्लॅटफॉर्मवर सिग्नलकडं बोट दाखवून तो कसा आहे ते मोठ्यानं म्हणतात, एकटे असले तरीही. लांबून बघणाऱ्याला वेडपट वाटतं. पण डोळा, हात आणि तोंड एकाच गोष्टीवर आलं की मन दुसरीकडं जायला जागा उरत नाही, म्हणून ती पद्धत तिथं शंभरेक वर्षं टिकून आहे. मला विचाराल तर डोळे मिटून बसण्यापेक्षा हीच जास्त अस्सल माइंडफुलनेस.

आता त्या शब्दाकडं येते, कारण ट्रेनरनी तुमच्या डोक्यात एक भलतंच भरवून ठेवलंय. मन रिकामं करा, असं या विद्येत कुठंही सांगितलेलं नाही. बुद्धाच्या परंपरेतला मूळ पाली शब्द 'सती', म्हणजे संस्कृतातली स्मृती. आठवण. आपण काय करत होतो याची आठवण राहणं, आणि सुटली तर परत येणं. अमेरिकेत १९७९ साली जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्सच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात याचा काही आठवड्यांचा कार्यक्रम बसवला. तिथं येणारे कोण होते? ज्यांचं जुनाट दुखणं औषधांनी हटत नव्हतं असे रुग्ण. दुखणं आहे तसं बघायचं, त्यावर आणखी धास्तीचा थर चढू द्यायचा नाही, हे ते शिकवत. ऑफिसातलं काम वाढवायला त्याचा उपयोग करण्याची कल्पना पुष्कळ नंतरची आणि पुष्कळ जास्त फी घेणारी.

तर तुमची डब्याची भाजी. डोळे मिटल्यावर भाजी आली, "अरे, ही भाजी आली" असं तुम्हाला कळलं, आणि तुम्ही परत श्वासावर आलात. मग फी आली. परत आलात. तुम्ही याला नापास होणं समजताय. अहो, व्यायाम तोच आहे! परत येणं हा त्यातला दंड-बैठकेचा भाग. तीन आठवडे तुम्ही रोज वीस-पंचवीस बैठका मारल्यात आणि वर मला लिहिताय की माझ्यात खोट आहे.

आपण मराठीत बाईला कौतुकानं 'अष्टावधानी' म्हणतो. एका शेगडीवर आमटी, दुसऱ्यावर दूध, खांद्याशी फोन, पोराचं पाढे म्हणणं ऐकतेय. म्हणजे आठ कामं एकदम करणारी. खरं अष्टावधान तुम्ही कधी बघितलंय का? कन्नडमध्ये ती कला अजून नांदती आहे; शतावधानी आर. गणेश यांनी तिला आपल्या काळात पुन्हा उभं केलं. मी मोबाइलवर बघितलं, कन्नड निम्मंअर्धं कळलं, तरी उठवेना. मधे अवधानी, भोवती आठ पृच्छक, म्हणजे प्रश्न टाकणारे. एक जण श्लोकाची अट घालतो, दुसरा चार शब्द देऊन ते बसवायला सांगतो, तिसरा अक्षरागणिक "हे अक्षर नको" म्हणत अडवतो, एक जण मधेच आकड्यांच्या चौकोनातलं एखादं घर भरायला लावतो. आणि एक असतो अप्रस्तुतप्रसंगी. त्याचं काम एकच, अवधान मोडणं. श्लोक रंगात आला की हा विचारणार, "काय हो, आज जेवणात मीठ जास्त झालं होतं काय?" अवधानी हसतो, त्यालाही फिरकी घेऊन उत्तर देतो, आणि जिथं सोडलं होतं तिथंच परत जातो.

मला त्यात काय दिसलं ते सांगते. तो माणूस आठ कामं एकदम करतच नाही. एका वेळी एकच. पहिल्या फेरीत प्रत्येक श्लोकाचा एकच चरण, दुसऱ्या फेरीत दुसरा, अशा चार फेऱ्या. अर्ध्या शब्दावर तो सोडत नाही, चरणाच्या टोकाला सोडतो, आणि कुठं सोडलं ते पक्कं धरून ठेवतो. शेवटी सगळे श्लोक सलग म्हणून दाखवतो. आपल्या काउंटरवर अप्रस्तुतप्रसंगी एक नसून दहा आहेत आणि ते आपल्याला थांबवता येत नाहीत. पण चरणाच्या टोकाला सोडणं आणि खूण ठेवून जाणं, एवढं आपल्या हातात आहे.

अवधानी खूण डोक्यात ठेवतो. आपण कागदावर ठेवू. सोफी लेरॉय नावाच्या संशोधक बाईंनी २००९ साली दाखवलं की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडं वळलं की मनाचा एक तुकडा पहिल्यालाच चिकटून राहतो, आणि दुसरं कामही बिघडतं. पुढं २०१८ साली त्यांनी आणि थेरेसा ग्लॉम्ब यांनी त्यावरचा उतारा तपासला. वळण्याआधी मिनिटभर थांबून, कुठवर आलो आणि परत आल्यावर पहिलं काय करायचं, एवढं लिहून ठेवायचं. मन पहिल्या कामातून पुष्कळ सुटं होतं. वाचलं तेव्हा मला आमचे हेडक्लार्क आठवले. ते गिऱ्हाइकाकडं मान वर करण्याआधी लेजरमध्ये ज्या ओळीवर आहेत तिच्यावर फूटपट्टी आडवी ठेवायचे. ठेवल्याशिवाय मान वरच यायची नाही, समोर चेअरमन का असेना.

तुमच्याकडं लेजर नाही, म्हणून असं करा. काउंटरवर रद्दी स्लिपांचा एक गठ्ठा आणि पेन्सिल. पासबुक पुढं आलं की तोंडानं "ओंद निमिष री" (एक मिनिट हं), आणि हातानं स्लिपेवर: "अण्णा पिग्मी, व्हाउचर झालं, एंट्री राहिली." आठ-दहा सेकंद लागतात. मग स्लिप कीबोर्डवर ठेवायची, बाजूला नाही, म्हणजे परत आल्यावर हात आधी तिच्यावरच पडेल. मग मान वर करून त्या बाईकडं नीट बघायचं आणि सही कुठं ते दाखवायचं. अर्धं लक्ष व्हाउचरमध्ये ठेवून दिलेलं उत्तर पुन्हा विचारलं जातं, हे तुम्हाला मी कशाला सांगू. आकडा अर्धा लिहून मात्र उठायचं नाही, कुणीही येऊ दे. रक्कम हा एक चरण. तो पुरा करूनच सोडायचा.

आता सरावाचं. सकाळचे २० मिनिटं डोळे मिटणं सोडून द्या. डबा भरायच्या वेळी ज्या बाईला मन शांत ठेवता येतं तिला कुठल्याच कोर्सची गरज नाही. टिळकवाडीत राहता म्हणजे दुसरं रेल्वे गेट तुम्हाला चुकत नसणार. गेट पडलं की आपण काय करतो? गाडी सुरूच ठेवतो, पुढच्या स्कूटीला चाक भिडवतो, फोन काढतो, आणि मनातल्या मनात रेल्वेला शिव्या देतो. उद्यापासून गेट पडलं की गाडी बंद. दोन्ही पाय जमिनीवर, चपलेच्या तळव्यातून डांबराचा खडबडीतपणा कळेपर्यंत. खांदे कानाला लागलेले असतात, ते खाली. दात एकमेकांवर दाबलेले असतात, ते सोडा. गेटची घंटा, मागच्या रिक्षाचं इंजिन, कुणाचा तरी उगाच दाबलेला हॉर्न. जे कानावर येईल ते नुसतं येऊ द्यायचं. "आज टॅली होईल काय" हा विचार येणारच. आला की पुन्हा पाय. रेल्वे येईल तेव्हा जमिनीची थरथर तळव्याला आधी कळते, ती कळली तर त्या दिवशी शंभरपैकी शंभर. मालगाडी असेल तर आणखीच चांगलं. गेट उघडं मिळालं तर त्या दिवशी सुट्टी.

हेच दिवसात दोनदा काउंटरवर, नोटा मोजताना. मशीन असलं तरी शेवटची गड्डी हातानं मोजा. अंगठ्याला नोटेची कोर लागते, जुन्या नोटेची मऊ, नव्याची धारदार. तेवढ्यावर राहायचं. आकडा चुकला तर चिडायचं नाही, गड्डी पुन्हा पहिल्यापासून.

हे सगळं तुमच्या बाजूचं झालं. पण मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. जे साहेब दिवसभर ग्रुपवर "अर्जंट" टाकतात, तेच माइंडफुलनेसचा ट्रेनर आणतात. छपराला भोक ठेवून खाली बसलेल्यांना पोहायला शिकवण्यासारखं झालं हे. ध्यानानं कामाचा उरक आपोआप वाढतो असंही नाही. अँड्र्यू हाफेनब्राक आणि कॅथलीन व्होस यांनी २०१८ साली हे प्रयोग करून बघितलं, तेव्हा थोडा वेळ ध्यान केलेल्या लोकांची कामाची आच उलट कमी झालेली दिसली. काम बिघडलं नाही, पण सुधारलंही नाही. मला हे पटतं. जीव शांत झाला की ढिगानं पडलेल्या व्हाउचरांवर झडप घालावीशी कुणाला वाटेल? शांतपणा हवाच, पण तो तुमच्यासाठी, साहेबांच्या टार्गेटसाठी नव्हे.

साहेबांशी बोलायचं तर तक्रार घेऊन जाऊ नका, कागद घेऊन जा. आठवडाभर एका कागदावर रेघा मारा: फोन, ग्रुप, गिऱ्हाईक, सहकारी. प्रत्येक अडथळ्याला एक रेघ. पाचवा रकाना ठेवा 'मी स्वतः'. त्यात प्रामाणिक राहा. कॅलिफोर्नियातल्या ग्लोरिया मार्क या संशोधक वर्षानुवर्षं ऑफिसातल्या लोकांचं लक्ष घड्याळ लावून मोजत आल्यात. २००४ च्या सुमारास माणूस एका स्क्रीनवर सरासरी अडीच मिनिटं टिकत होता, अलीकडं ४७ सेकंद. आणि त्या मोजणीत जवळजवळ निम्मे अडथळे बाहेरून आलेले नव्हते, माणसानं स्वतःच हातातलं सोडलेलं होतं. तुमचा पाचवा रकाना भरला तर वाईट वाटून घेऊ नका, माझाही भरायचा. त्या काळात मोबाइल नव्हता, तरी मी दर दहा मिनिटांनी उठून माठातलं पाणी प्यायला जायची.

कागद भरला की साहेबांकडं एकच मागणी करा: पिग्मीवाले यायला लागले की पाऊण तास टॅली करणाऱ्याला दुसरं काम नाही. चौकशीची खिडकी दुसऱ्यानं सांभाळायची, दुसऱ्या दिवशी अदलाबदल, आणि तेवढ्या वेळात ग्रुपवर काही टाकायचं नाही, खरंच जळत असेल तर उठून टेबलाशी यायचं. एकट्यानं जाऊ नका, काउंटरवरचे सगळे मिळून जा. साहेब ऐकतीलच असं नाही. पण रात्री साडेआठपर्यंत लाइट-पंखे चालू ठेवायला सोसायटीला काय पडतं, हा हिशेब त्यांना कळतो.

आणखी एक, थोडक्यात पण गांभीर्यानं. १५ वर्षं नीट चाललं आणि एका वर्षातच बिघडलं, वय ४१. झोप लागते का? पाळीत बदल झालाय का? दम लागणं, केस जाणं, विसरायला होणं? एकदा डॉक्टरांना दाखवून हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घ्या. रक्त कमी असलेल्या बाईला "लक्ष दे" म्हणून काही उपयोग नसतो, आणि आपल्याकडं बायका सगळ्यांचे रिपोर्ट आणून देतात, स्वतःचा सोडून. मन सारखं उदास राहत असेल, नकोसं वाटत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा, लपवू नका.

राहिलं अ‍ॅप. पैसे भरू नका. मात्र फोनवरून अ‍ॅप नुसतं काढून टाकलं म्हणजे सुटलात असं नाही. कार्ड किंवा यूपीआय जोडलेलं असेल तर महिना संपला की वर्षाचे पैसे कापले जातात. प्ले स्टोअर उघडा, वरच्या कोपऱ्यातल्या तुमच्या फोटोवर बोट ठेवा, पेमेंट्स आणि सबस्क्रिप्शन्समध्ये जा आणि तिथून रद्द करा, मगच अ‍ॅप काढा. महिना संपत आलाय म्हणता, तर आज रात्रीच करा. पोराला शेजारी बसवा, त्याला हे आपल्यापेक्षा लवकर जमेल.